देवघरात ठेवलेली काठी

आमच्या देवघरात, शंख आणि सहाण यांच्या शेजारी, पितळी डोक्याची एक काठी भिंतीला टेकून उभी असते. नव्याने घरी येणारा मनुष्य ती पाहून थबकतो. कोणी तिला एखाद्या दैवताचा दंड समजून नमस्कार करतो, तर कोणी म्हातारपणाची आधाराची काठी समजून माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. गुडघे दुखतातच, पण ती काठी त्यांच्यासाठी नाही. गोल्फ नावाच्या खेळात चेंडू खळग्यापर्यंत हलकेच ढकलण्याची ती काठी आहे, तिला पटर म्हणतात आणि ती माझ्या काकांनी घडवली. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला पुढचे ऐकायचे असते आणि मला मात्र सांगण्याचा शीण आलेला असतो. म्हणून एकदाचे लिहून ठेवतो. वाग्देवीने स्मृती शाबूत ठेवली आहे तोवर हे काम उरकावे. हकिगत तशी तिच्याच दारातली आहे.

त्या काळी आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथला राहत होतो. वडील, म्हणजे अण्णा, शाळेत संस्कृत शिकवीत आणि गावातली पूजाअर्चा पाहत. दिनकरकाका त्यांचे धाकटे भाऊ. आदिलाबादजवळच्या एका सिमेंटच्या कारखान्यात ते नक्शानवीस होते. यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढणे हे त्यांचे काम. आठवडाभर ते कारखान्याच्या वसाहतीत राहत आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येत. त्यांनी लग्न केले नव्हते. कोणी विषय काढलाच तर आई चुलीपुढून म्हणे, “भाऊजींले बायको कायले पायजे? कंपासपेटी हाये ना!” काका हसत आणि ताटात आणखी एक भाकरी मागत. ज्वारीची भाकरी, कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी आणि तिळाची चटणी हे शनिवारचे जेवण ठरलेले असे. आता दातांमुळे मला भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. त्या चटणीचा वास मात्र अजून नाकात आहे.

रविवारची सकाळ दोन आवाजांची असे. पुढच्या खोलीत अण्णांचे पठण आणि मागच्या अंगणात काकांच्या कानशीची पितळेवरची घासघास. अण्णांचा स्वर चढला की कानस थांबे. ते श्वास घेण्यासाठी थांबले की ती पुन्हा सुरू होई. दोघे भाऊ एकमेकांना न पाहता, भिंतीच्या दोन बाजूंना बसून, जणू एकच अनुष्ठान चालवीत असत. त्या वयात मी अण्णांच्या मागे बसून संथा घेत असे. माझे लक्ष कानशीकडे गेले की अण्णा डोळे न उघडता म्हणत, “मागचे मागे राहू दे. पुढचे म्हण.”

गोल्फ आमच्या घरात आले ते कारखान्याच्या वाटेने. वसाहतीमागच्या माळावर साहेबलोकांनी लहानसे मैदान आखून घेतले होते. आमच्याकडच्या उन्हात हिरवळ कुठून टिकणार? म्हणून खळग्याभोवती वाळू पसरून तिच्यावर यंत्रांचे जळके तेल ओतीत, म्हणजे ती दबून बसे. तिचा रंग काळपट तपकिरी होई आणि साहेब तिला ‘ब्राऊन’ म्हणत. अडचण अशी होती की बाजारात मिळणारे पटर गवतासाठी घडवलेले असत. वाळूवर त्यांची कड रुते, चेंडू भरकटे आणि साहेब रागारागाने काठी आपटीत. मोडलेली काठी दुसऱ्या दिवशी नक्शाच्या खोलीत काकांच्या मेजावर येई. “साहेबाचा राग हाच माह्या कच्चा माल,” असे काका म्हणत. काठ्या दुरुस्त करता करता त्या मुळात चुकीच्या घडवल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून त्यांना त्याखेरीज दुसरे काही सुचेना.

वसंतपंचमीला अण्णा बासरला जात, तसे त्या वर्षीही आम्ही गेलो. सरस्वतीच्या देवळात लहान मुलांच्या अक्षराभ्यासाची गर्दी होती. दर्शन झाले आणि काका दिसेनासे झाले. मी शोधत घाटावर गेलो, तर ते गोदावरीच्या रेतीत उकिडवे बसून एका नावेकडे पाहत होते.

“काका, काऊन बसले इथं? अण्णा वाट पाहून राह्यले.”

“ही नाव पाय. रेतीवर चढली होती. दोन माणसं बसले होते तिच्यात, एक या टोकाले, एक त्या टोकाले. तरी नावाड्यानं ढकलली तं सरकन गेली. रुतली नाही. काऊन रुतली नाही?”

“हलकी असंल.”

“हलकी कायची! तिचा तळ पाय. पोटात वाकला हाये. आन् वजन मधात नाही, टोकाले हाये.”

परतीच्या बसमध्ये काकांनी प्रसादाच्या कागदावर नावेचा तळ काढला आणि त्याला दांडा जोडला. अण्णांनी त्या चित्राकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. त्यांना बस लागत असे.

मेणाचा साचा करून पितळ ओतणारे ओझा लोक आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काकांनी मेणाचे डोके स्वतः घडवले आणि त्यांच्याकडून ते ओतून आणले. तळ नावेसारखा वाकलेला, दोन्ही टोके जड, मधला भाग पोखरून हलका केलेला. दांडा साहेबांच्याच एका मोडक्या काठीचा. अंगणात वाळू पसरून आम्ही त्याची परीक्षा घेत असू. चुकले की काका पुन्हा कानस घेत, नाहीतर पुन्हा मेणाचे डोके करीत. आई म्हणे, “एवढ्या पितळेत माह्ये दोन तांबे झाले असते.” शेवटी पावसाळ्यातल्या एका रविवारी चेंडू वाळूवरून असा गेला, की वाळूला जणू तो गेल्याचे कळलेच नाही. काका बराच वेळ चेंडूकडे न पाहता वाळूकडेच पाहत राहिले.

त्याच दुपारी त्यांनी अण्णांजवळ पेटंटची गोष्ट काढली. आपल्या भाषेत त्याला एकस्व म्हणतात. नवी युक्ती काढणाऱ्याच्या नावावर ती सरकारदरबारी नोंदली जाते आणि ठरावीक वर्षे दुसऱ्या कोणाला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. अण्णांना ही कल्पना मानवली नाही. “युक्ती बासरला सुचली,” ते म्हणाले. “देणारी ती. मग मालकी तुझी कशी?”

काकांनी थोरल्या भावाला उलट उत्तर दिल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. तेही उत्तर नव्हते, प्रश्न होता. “दादा, तुमी मंत्राचा विनियोग सांगता, तवा आधी ऋषीचं नाव घेता. काऊन घेता? मंत्र तं देवाचाच.”

“ज्याला तो दिसला, त्याचे नाव घेतल्यावाचून मंत्र म्हणू नये, अशी रीत आहे.”

“मले तेवढंच पायजे. हे मले दिसलं. माह्यामागं माह्यं नाव घेणारं कोणी नाही, हे तुमाले माईत हाये. कुठंतरी लिवलेलं राहू द्या.”

आईने चहा आणून ठेवला तो निवून गेला. मग अण्णा म्हणाले, “घे. पण जगाकडे नाव मागण्याआधी ती वस्तू तिच्यापुढे ठेव.” काकांनी लगेच होकार दिला. त्यांच्याही मनात तेच होते. आम्हा कोणालाच त्या अटीत काही वावगे दिसले नाही आणि खरे सांगायचे तर आजही दिसत नाही.

नागपूरला अशी कामे पाहणारे एक वकील होते. काका त्यांना भेटून आले. वकिलांनी त्यांना बजावले होते, की अर्ज दाखल होईपर्यंत वस्तू कोणाच्या दृष्टीस पडू देऊ नका आणि तिच्यातली युक्ती कोणाला सांगू नका. लोकांना आधीच कळलेली गोष्ट नवी म्हणून मागता येत नाही. आराखडे नियमाप्रमाणे पुन्हा काढायचे होते, त्याला थोडा काळ लागणार होता. तोवर काठी लपवायची कुठे? कारखान्यात सहकाऱ्यांची नजर, अंगणात शेजाऱ्यांची. अण्णांनी सुचवले, देवघर. सोवळ्यावाचून तिथे आईसुद्धा पाऊल टाकीत नसे. इतकी सुरक्षित जागा साऱ्या तालुक्यात नव्हती. काकांनी काठी धूतवस्त्रात गुंडाळली आणि सरस्वतीच्या तसबिरीमागे उभी केली. मग नवरात्र आले.

खंडेनवमीला आमच्या गल्लीतले लोक आपापली हत्यारे पूजेसाठी अण्णांकडे आणीत. ओसरीवर खुरपी, कात्र्या, वजनकाटा, बसचालकाचा पाना, सारे ओळीने मांडले जाई. देवघराचे दार त्या दिवशी सताड उघडे असे. शिवाय आमच्या घरची एक जुनी रीत होती. कोणी नवे हत्यार पूजेला ठेवले, तर त्याच्या धन्याने हात जोडून, ते काय काम करते आणि कसे करते, हे देवीला मोठ्याने सांगायचे. तिच्यापासून काही लपवून वापरायला काढलेले हत्यार उलटते, असे आजोबा म्हणत. अण्णांनी धूतवस्त्र सोडले, काठी चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिले आणि भावाकडे पाहून मान हलवली.

काका उभे राहिले. एरवी चारचौघांत न बोलणारा तो मनुष्य त्या दिवशी असा बोलला, की ओसरीवरची पोरेसुद्धा शांत झाली. तळ का वाकवला, टोके किती जड ठेवली, मधला भाग कुठवर पोखरला, वाळू कशी दुभंगत नाही, हे सारे त्यांनी देवीला एखाद्या विद्यार्थ्याने गुरूला पाठ म्हणून दाखवावा तसे सांगितले. कारखान्यातले मेहरा नावाचे साहेब दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला म्हणून जीपने आले होते, ते दारातच उभे राहून ऐकत होते. त्यांना मराठी कामापुरते समजे. भाजीमळा करणारे गंगाराममामा खुरप्यांच्या रांगेमागून म्हणाले, “दिनूभाऊ, यानं वांगे तोडता येते का?”

“वांगे नाही मामा, साहेबाचा राग तोडता येते.”

सगळे हसले. मेहरासाहेब तर सर्वांत जास्त हसले. “अरे दिनकर, एक बार मारके तो दिखाओ!” ते म्हणाले. काकांनी अंगणातल्या वाळूवर चेंडू ठेवला आणि ढकलला. साहेबांनी स्वतः काठी हातात घेतली, पुन्हा पुन्हा चेंडू ढकलला आणि “कमाल है” एवढेच म्हणत राहिले. नंतर सर्वांनी पुरणपोळी खाल्ली. देवीला सांगणे म्हणजे लोकांना सांगणे, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. आम्ही तिच्याशी बोलत होतो. लोक तिथे केवळ होते.

दिवाळीनंतर आराखडे पुरे झाले, तेव्हा अण्णा, काका आणि मी नागपूरला गेलो. मी बारावीनंतर तिथल्या पाठशाळेत जाणार होतो, त्याची चौकशीही करायची होती. वकील मोठे सज्जन होते. त्यांनी आराखडे उलगडून पाहिले, काठी हातात तोलली आणि म्हणाले, “उत्तम काम आहे. नवीन आहे. मला शंका नाही.” काकांचे कान आनंदाने लाल झाले. वकिलांनी पेन उघडले आणि सहज विचारले, “हे अद्याप कोणी पाहिलेले नाही ना?”

“नाही जी,” काका म्हणाले. “देवघरातच होतं. खंडेनवमीले पूजा केली, तेवढंच.”

“घरातल्या घरात?”

“घरातच. गल्लीतले लोक होते, दरसालचे. आन् आमचे एक साहेब. मी देवीले सांगितलं ना, कसं चालते ते.”

वकिलांनी पेन हळूच खाली ठेवले. वर पंखा किरकिरत होता. “मोठ्याने सांगितले?” त्यांनी विचारले. काकांनी मान हलवली आणि त्या क्षणी त्यांना समजले. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. वकील खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “मी आत्ता काही ऐकले नाही. बोथला जाऊन कोणी विचारणार नाही. परंतु अर्जावर तुम्हांला सही करायची आहे, म्हणून मी पुन्हा एकदा विचारतो. नीट विचार करून सांगा. ही वस्तू कोणी पाहिली आहे का?”

बोलले ते अण्णा. “नाही,” ते म्हणाले. “पूजा मीच केली. बंद दाराआड झाली.”

ज्यांच्या तोंडून उच्चारातली चूकसुद्धा मी कधी ऐकली नव्हती, त्या मुखातून असत्य बाहेर पडले. तेही अडखळत नव्हे, स्पष्ट, स्वच्छ, पठणाच्या स्वरात. पूजेची अट त्यांनी घातली होती. भावाचे नाव त्यांच्या अटीमुळे बुडत होते आणि ते वाचवण्यासाठी आपल्या आयुष्याची सारी पुंजी त्यांनी त्या मेजावर ठेवली होती. हे मला त्या दिवशी कळले नाही. पुष्कळ वर्षांनी मी स्वतः माझ्या धाकट्या भावाला अग्नी दिला, तेव्हा कळले.

काकांनी अण्णांच्या हातावर हात ठेवला. “दादा, नका. दार उघडं होतं.”

“दिनकर, तू गप्प राहा.”

“उघडं होतं, दादा. तिच्यासमोर ठेवली, तिले सांगितलं. आता बंद दाराआड झाली असं लिवलं तं ते सांगणंच खोटं ठरते. मंग राह्यलं काय आपल्यापाशी?” आणि वकिलांकडे वळून ते म्हणाले, “पायलं जी. लय लोकायनं पायलं. राहू द्या.”

वकिलांनी आराखड्यांची गुंडाळी स्वतः बांधून दिली. दारापर्यंत पोहोचवायला आले, तेव्हा त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला. तो कशासाठी, हे मी कधी विचारले नाही.

परतीच्या बसमध्ये काकांनी अण्णांना खिडकीशी बसवले आणि लिंबू कापून हातात दिले. पैनगंगेचा पूल ओलांडला. मग काका म्हणाले, “दादा, अर्ज तं गेलाच नाही. मंग तुमचं खोटं लागू होते का?”

“उच्चारले ना,” अण्णा म्हणाले. “लागू होते.”

“म्हणजे फुकटचं पाप.”

अण्णा हसले. त्या दिवसातले ते एकच हसू. घरी आल्यावर त्यांनी स्नान केले, अन्न घेतले नाही आणि जपाला बसले. आईने दोघांची ताटे झाकून ठेवली, कारण भाऊ उपाशी म्हणून काकाही जेवले नाहीत. सकाळी तीच शिळी भाकरी दोघांनी तिखटमीठ आणि तेलाबरोबर खाल्ली.

त्यानंतर काकांनी पितळेला कानस लावली नाही. रविवारी मागचे अंगण शांत असे आणि अण्णा पठणात श्वास घ्यायला थांबले, की ती शांतता अधिकच जाणवे. पुढे काही वर्षांनी मेहरासाहेबांनी बाहेरून मागवलेला एक पटर काकांना दाखवला. त्याचा तळ नावेसारखा होता. “देखो दिनकर, बिलकुल तुम्हारा वाला!” साहेबांच्या मनात काही काळेबेरे असावे असे मला वाटत नाही, असते तर तो त्यांनी आपणहून दाखवला नसता. ती युक्ती कुठून कुठे गेली, की दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणेच सुचली, हे शोधण्याची शक्ती आमच्यापाशी नव्हती. एका नदीवर पुष्कळ घाट असतात. काकांनी तो पटर उलटा करून पाहिला आणि घरी येऊन इतकेच सांगितले, “वजन टोकाले कमी ठेवलं त्यायनं. रुतते तो.”

पण एक गोष्ट सांगायची राहिली. नागपूरच्या फेरीनंतरच्या खंडेनवमीला, ओसरी हत्यारांनी भरलेली असताना, अण्णांनी ती काठी पुन्हा चौरंगावर ठेवली. हळदकुंकू वाहण्याआधी ते थांबले. शास्त्राबाहेर एक अक्षर न उच्चारणाऱ्या त्या मनुष्याने हातात पाणी घेतले आणि मंत्राच्या आधी ऋषी, देवता आणि छंद सांगून म्हणतात तसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा स्वरात, त्या काठीचा विनियोग सांगितला. ऋषी दिनकर. देवता सरस्वती. छंदाच्या जागी ते क्षणभर अडले, कारण काठीला छंद कुठून असणार. मग तसेच पुढे गेले. काका खुरप्यांच्या रांगेमागे गंगाराममामांजवळ बसले होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. मामा त्यांना कोपराने ढोसून म्हणाले, “दिनूभाऊ, तुमचं नाव घेतलं न् अण्णानं?” काका म्हणाले, “हो. आयकलं मी.”

दोघेही आता नाहीत. बोथचे घर सुटले, गल्लीही पांगली. खंडेनवमीला आता माझ्याकडे कोणी खुरपे घेऊन येत नाही. शेजारचा मुलगा आपली मोटारसायकल दारात उभी करतो आणि तिला हार घालून निघून जातो. हैदराबादचा नातू म्हणतो, “आजोबा, ऐकायला कोणी नसते, तरी इतक्या मोठ्याने काऊन म्हणता?” चौरंगापाशी बसायला वेळ लागतो, उठायला त्याहून जास्त. तरी बसतो. हातात पाणी घेतो, काकांचे नाव घेतो, अण्णा अडले होते तिथे मीही क्षणभर अडतो आणि पुढे जातो. आणि बसण्याआधी, गुडघे कितीही कुरकुरले तरी, स्वतः उठून पुढचे दार उघडून येतो.